किशोरवयीनांचा डॉक्टर व्हायचंय, आणि कोकण सोडायचं नाहीय

प्रश्न असा आला आहे: “इंटर्नशिप संपत आली. किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्यात काम करावं असं मनात आहे, पण घरी रेडिओलॉजीचा आग्रह आहे. या विषयात करिअर होतं का? पीजी कशात करायचं? रोजचं काम काय असतं? आणि हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून जमेल का, की पुण्या-मुंबईलाच जावं लागेल?”

जमतं. फक्त या नावाची जागा नीट-पीजीच्या यादीत शोधू नका, दिसणार नाही. मी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून लागले, मग पीएसएममध्ये (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्रात) एमडी केलं, आणि नोकरीचा बहुतेक काळ दक्षिण कोकणातल्या तालुक्यांत काढला. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलं आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातला बालरोगतज्ज्ञ कदाचित वेगळं सांगेल.

विषय तसा नवा नाही. बोस्टनच्या बालरुग्णालयात जे. रॉसवेल गॅलाघर यांनी १९५१ मध्ये खास या वयासाठी विभाग काढला. अमेरिकेत १९९४ पासून त्याची वेगळी बोर्डाची परीक्षा होते. आपल्याकडे बालरोग विभाग मूल बारा-चौदाचं झालं की हात वर करतो आणि मेडिसिनवाले त्याला मोठ्यांच्या वॉर्डात घालतात. पंधरा वर्षांची मुलगी दोन दमेकरी आज्यांच्या मधल्या खाटेवर पडलेली तुम्हीही पाहिली असेल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना अठरापर्यंतचं वय आपलं मानते, तिची किशोर आरोग्य अकादमीही आहे, पण ग्रामीण रुग्णालयात ते कोण विचारतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने किशोरवय १० ते १९. म्हणजे पाचवीतली दोन वेण्यांची पोर आणि कॉलेजला बाईकने जाणारा दाढीवाला, दोघं एकाच खात्यात.

पीजीचं आधी उरकते. तीन वाटा आहेत: बालरोग, पीएसएम आणि मानसोपचार. दवाखान्यात समोर बसलेल्या एकेका मुलात तुमचा जीव रमत असेल तर बालरोग घ्या आणि पुढे अकादमीची प्रशिक्षणं करा. पोटापाण्याचीही काळजी राहत नाही. “या शाळेतल्या मुलींचं हिमोग्लोबिन त्या शाळेपेक्षा कमी का?” असल्या प्रश्नांनी झोप उडत असेल तर पीएसएम. लोक या शाखेला नाकं मुरडतात, मला ती सगळ्यांत उपयोगी पडली. मानसोपचारवाल्यांची कोकणाला गरज प्रचंड आहे, पण तिकडे गेलात की मोठ्यांचेच रुग्ण तुम्हाला गिळून टाकतील. एमडी नकोच असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन केंद्र अशा ठिकाणी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. कोणतीही वाट घ्या, आधी बंधपत्राचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढा. ते वर्ष वाया जातं असं सगळे म्हणतात. मी तसं म्हणणार नाही.

आता सरकारी यंत्रणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला झाली, म्हणजे आपल्या उत्तर कोकणातच. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. दोन आयुष डॉक्टर, एक एएनएम (परिचारिका), एक फार्मासिस्ट असं पथक गाडीने अंगणवाड्या आणि शाळा फिरतं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यात सहा विषय आहेत: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनं, इजा व हिंसा, आणि असंसर्गजन्य आजार. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत त्याचं ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक बसतात. कागदावर हे सगळं उत्तम आहे. माझं आयुष्य त्या कागदापासून प्रत्यक्ष मुलापर्यंतचं अंतर कापण्यात गेलं, आणि तुमचंही त्यातच जाणार आहे.

हे अंतर कसलं असतं ते दाखवते. समजा सोळा वर्षांच्या मुलीला पांढरं जातंय, खाज आहे, आणि ती घाबरली आहे. घरापासून ग्रामीण रुग्णालय पंधरा-वीस किलोमीटर. तिची वाडी डोंगराच्या कडेला, तिथून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचं, मग एसटी. ती रुग्णालयात पोचते तेव्हा केसपेपरच्या खिडकीशी रांग. आतून आवाज येतो, “नाव? गाव? काय होतंय?” मागे उभी असते तिच्याच गावची अंगणवाडी सेविका, नाहीतर आतेची जाऊ. मुलगी सांगते, “डोकं दुखतंय.” केसपेपरवर लिहिलं जातं डोकेदुखी, ओपीडीत मिळते पॅरासिटामॉल, आणि ती दोनच्या गाडीने परत जाते. मैत्री क्लिनिकच्या रजिस्टरवर त्या दिवशी शून्य. वरिष्ठ विचारतात, मुली का येत नाहीत, जनजागृती कमी पडते का?

जनजागृती कमी पडत नव्हती, ती मुलगी येऊन गेली होती. आम्ही एका ठिकाणी दोनच गोष्टी बदलल्या. दहा ते एकोणीसच्या कोणालाही खिडकीवर तक्रार विचारायची नाही, फक्त वय विचारून थेट समुपदेशकाकडे पाठवायचं. सर्दी असो, खरूज असो, सगळे तिकडूनच जाणार. त्यामुळे त्या खोलीत शिरणारी मुलगी “तसल्या कामासाठी” आली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. दुसरं, क्लिनिकची वेळ. सरकारी वेळ सकाळची, मुलं तेव्हा शाळेत. आम्ही आठवड्यातले दोन दिवस शाळा सुटल्यापासून शेवटच्या एसटीपर्यंतची वेळ ठेवली आणि त्यासाठी डेपोत जाऊन गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या. कर्मचारी कुरकुरले, त्यांचंही बरोबर होतं, संध्याकाळी त्यांनाही घर असतं. मग पाळ्या लावल्या. यात एक रुपयाचा निधी लागला नाही. लागलं ते इतकंच की वैद्यकीय अधीक्षकांना हे पटवून द्यायला कोणीतरी चिकाटीने त्यांच्या टेबलासमोर बसलं पाहिजे. एमडीच्या अभ्यासात हे कोणी शिकवत नाही.

खोलीची जागाही बघा. मैत्री क्लिनिक गरोदर मातांच्या तपासणीशेजारी असेल तर अविवाहित मुलगी त्या बाजूला फिरकणार नाही, आणि मुलगे तर नाहीच नाही. जिन्याखालची, एक्स-रेशेजारची कसलीही खोली चालेल. दार बंद होणारं हवं आणि पंखा चालू हवा. पंख्याच्या आवाजात बाहेर ऐकू जात नाही.

रक्तक्षयाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पीजीच्या मुलाखतीत सगळे आकडे सांगतात आणि शाळेत गोळी का खाल्ली जात नाही ते कोणी सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ५४.१ होता. म्हणजे वर्षानुवर्षं गोळ्या वाटूनही आकडा चढला. गोळी निळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, आठवड्यातून एक. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम.

आता शाळेत या. ही गोळी बहुतेक ठिकाणी सोमवारी देतात. आपल्याकडे सोमवार हा किती पोरींचा उपासाचा वार आहे ते तुम्हाला सांगायला नको, श्रावणात तर अर्धा वर्ग साबुदाण्यावर. उपाशीपोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं, एखादी ओकते, तिला बघून शेजारची ओकते, आणि बघता बघता अर्धा वर्ग शाळेच्या पडवीत आडवा. गावात बातमी, गोळ्यांतून विषबाधा. त्यानंतर त्या शाळेत वर्षभर गोळी कोणी तोंडात धरत नाही. मुकाट्याने घेतात आणि येताना पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, टाकतात. आणखी एक गोम अशी की शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीच्या मुली, ज्यांची पाळी सुरू होऊन रक्त जाऊ लागलेलं असतं, त्यांनाच खिचडी नाही, त्यांचा डबा सकाळी सहाला भरलेला.

उपाय साधा. वार बदला. आमच्याकडे बऱ्याच शाळांनी बुधवार घेतला, कारण बुधवारी घरात मासळी शिजते, डबा रिकामा येत नाही. मासळीसोबत लोह शोषलंही चांगलं जातं. गोळी डबा खाल्ल्यावर, वर चहा नाही. संडासला काळं होईल हे आधीच सांगून टाकायचं, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरून बंद. आणि बाईंनी वर्गासमोर आधी स्वतः गोळी घ्यायची. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या मुलीला आठवड्याच्या गोळीवर सोडून चालत नाही, तिला रोजच्या उपचाराच्या मात्रेत तीन महिने द्यायला लागतं. ८ च्या खाली असेल तर डॉक्टरने स्वतः बघायचं. आणि विचारायचं, पाळी किती दिवस जाते, घड्या किती लागतात, रात्री उठून बदलावं लागतं का. सात दिवसांच्या वर रक्त जात असेल तर लोह ओतत बसण्यात अर्थ नाही, आधी गळती शोधा. यातल्या काहींना रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष असतो आणि तो पाळी सुरू झाल्यावरच पहिल्यांदा उघडा पडतो.

पाळीचा विषय निघालाच आहे तर माझी एक चीड सांगून टाकते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमित असणं स्वाभाविक असतं. तरी चौदा वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी होते, रिपोर्टात ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’ (अंडाशयात अनेक बारीक पुटकुळ्या) येतं, आणि आई रडत येते, “हिला मूल होणार नाही म्हणतात.” आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, कारण या वयात अंडाशय तसेच दिसतात. तुम्ही रेडिओलॉजीला गेलातच तर निदान एवढं लक्षात ठेवा.

रोजच्या कामाचा गाभा मात्र मुलाशी बोलणं हाच आहे. त्याचा साचा आहे. १९७२ मध्ये सिअ‍ॅटलच्या हार्वे बर्मन यांनी मांडलेला, पुढे गोल्डनरिंग आणि कोहेन यांनी १९८८ मध्ये नीट लिहून काढलेला. घर, शिक्षण, खाणं, फावला वेळ, व्यसन, लैंगिकता, आत्महत्येचे विचार, सुरक्षितता, या क्रमाने जायचं. क्रमात शहाणपण आहे. सोप्याकडून अवघडाकडे, दुसऱ्यांबद्दल विचारत मग स्वतःबद्दल. “वर्गात कोण ओढतं का सिगारेट?” याला उत्तर मिळतं, “तू ओढतोस का?” ला मिळत नाही.

पण हा साचा अमेरिकेतला, आणि आपल्याकडे मूल एकटं येत नाही. बहुधा आजी आणते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. कारण तुम्हाला ठाऊक आहे, पुरुष मुंबईत. बाप चाकरमानी, गणपतीला आणि शिमग्याला येणारा, कधी आईही तिकडेच, आणि पोर आजीपाशी. तेव्हा आजीला आधी पूर्ण बोलू द्या, घाई करू नका, मग तिला मानाने बाहेर बसवा. “आजी, आता मी तपासते, तोवर तुम्ही एएनएमताईंकडून तुमचं बीपी बघून घ्या.” आजीलाही बरं वाटतं. मुलाला मात्र तेव्हाच सांगायचं: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्यावर जबरदस्ती केली असेल, तर मला इतरांची मदत घ्यावी लागेल. हे आधी न सांगता नंतर फोडलंत तर त्या गावातून पुन्हा कोणी येणार नाही.

एक नमुना देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नववीतला मुलगा, आजीची तक्रार, “डॉक्टरांनू, ह्येका भूक लागणा नाय. शाळेत जावचा म्हटला की पॉट दुखता.” पोट मऊ, वजन ठीक, काही सापडेना. आजी बीपीला गेली. कबड्डीवरून सुरू केलं तर म्हणाला, सोडली. का? बराच वेळ खाली बघून मग पुटपुटला, कपडे बदलताना पोरं हसतात. आवाज फुटला नव्हता, काखेत केस नाहीत, वर्गात सगळ्यांत बुटका. आमच्याकडे वृषणाचं माप बघायची मण्यांची माळ असते, लहानापासून मोठ्यापर्यंत मणी ओवलेले, ऑर्किडोमीटर म्हणतात. आमच्या पुरुष सहकाऱ्याने त्याची परवानगी घेऊन तपासलं. ४ मिलिलिटरच्या मण्याच्या वर. म्हणजे वयात येणं सुरू झालं होतं, गाडी निघाली होती, फक्त उशिराची होती. त्याला वाढीचा तक्ता समोर ठेवून दाखवला, त्याची रेष कुठे आहे आणि पुढे कशी चढेल. मग त्याच्याच समोर मुंबईला बापाला फोन लावला आणि विचारलं, तुम्हाला मिसरूड कधी फुटली? पलीकडून हसण्याचा आवाज. “अकरावीत हो. सगळे बायल्या म्हणायचे मला.” पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. औषध काही दिलं नाही. चौदा पूर्ण होऊनही वृषणांची वाढ सुरूच झाली नसती, किंवा मुलगी असती आणि तेरापर्यंत स्तनांची वाढ दिसली नसती, तर मात्र पुढच्या तपासण्या लागल्या असत्या.

कायद्याचं पक्कं शिकून घ्या, इथे गुळमुळीत राहून चालत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा. १८ च्या खालचं प्रत्येक जण मूल, आणि त्याची लैंगिक संबंधाला असलेली संमती कायद्याच्या लेखी संमती नाही. गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे, डॉक्टरवरही. न कळवणं हा गुन्हा. पण उपचार आधी. एफआयआर झाल्याशिवाय हात लावणार नाही असं म्हणणाऱ्या डॉक्टरला कायद्याचा आधार नाही. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि २० ते २४ आठवड्यांत दोघांच्या मताने ज्या गटांना मुभा आहे त्यात अल्पवयीन मुली येतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अशा मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. हे पुष्कळ डॉक्टरांना अजून माहीत नाही. त्यामुळे आईबाप मुलीला घेऊन लांबच्या शहरात, नको त्या माणसाकडे जातात. प्रत्येक निकाल, दुरुस्ती, परिपत्रक स्वतः वाचा आणि प्रत जवळ ठेवा. रात्री पोलीस ठाण्यातून फोन येतो तेव्हा ‘कुठेतरी वाचलंय’ चालत नाही.

मुलग्यांकडे हा कार्यक्रम पोचत नाही, हे माझं ठाम मत आहे. पाळी, रक्तक्षय, बालविवाह यांभोवतीच सगळं फिरतं. आणि हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, मालवण या बंदरांवर सतरा-अठराची पोरं खलाशी म्हणून बोटीवर चढतात, आठवडाभर समुद्रात, गालात तंबाखू. त्यांच्यासाठी मुहूर्त एकच: १ जून ते ३१ जुलै. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, पोरं जाळी विणत बसलेली. तेव्हा बंदरात जायचं, सोसायटीच्या कार्यालयात दात आणि तोंड तपासायला बसायचं. दात बघायला कोणीही येतो. तोंड उघडलं की बाकीचं बोलणं आपोआप निघतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, शाळेच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे, पण पुडी कुठे मिळते ते सातवीतलं पोर तुम्हाला दाखवील. मुलींचं व्यसन वेगळं, मिशेरी. आजीच्या डबीतून सुरू होते, दात घासायची म्हणून, आणि विचारलं तर “तंबाखू नाही खात” असंच उत्तर येतं. तेव्हा मिशेरी नाव घेऊन विचारा. दक्षिणेकडे बांद्याच्या पलीकडे गोव्याची स्वस्त दारू, ती वेगळीच डोकेदुखी. आणि विनाहेल्मेट तिघं बसलेल्या बाईका.

मन आणि आत्महत्या याबद्दल दोन ठोस गोष्टी. आंबा-काजूवाल्या घरांत फवारणीची औषधं पडवीत उघडी असतात. दहावी-बारावीच्या निकालाआधी आशाताईंकडून घरोघर निरोप द्या की ती कुलपात ठेवा. या वयात टोकाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं याने जीव वाचतात. दुसरं, १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मराठीतही बोलतात. तो शाळेच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा, मुख्याध्यापकांच्या खोलीत नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षेची भीती घालायची नसते. हे घरच्यांनाही सांगा, कारण ते पोलिसांच्या धाकाने खोटी हकिकत सांगतात आणि खरा उपचार राहतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलंत की अर्धे वाटेतून परततात, इतका त्या नावाचा धसका आहे. जिल्हा मानसिक आरोग्य पथक तालुक्याला कोणत्या दिवशी येतं ते बघा आणि तिथेच गाठ घालून द्या.

रायगडात काम मिळालं तर कातकरी वाड्यांचं गणित निराळं आहे. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. तुमची शाळा तपासणी जानेवारीत असेल तर ती मुलं यादीत ‘गैरहजर’. तिथे लग्नं लवकर, पहिलं बाळंतपण सोळा-सतराला. त्यांच्यासाठी भट्टीवर जावं लागतं, मालकाशी गोड बोलून.

संशोधन शहरातच होतं असा समज असेल तर महाडकडे बघा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर तिथे रुग्णांच्या खाटेशेजारी बसून सिद्ध केला आणि लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापला. आपल्या विषयात देरवणच्या वालावलकर रुग्णालयाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या १६ ते १८ वयाच्या दीड हजारावर मुलींचा अभ्यासगट उभा केला आहे, पुढे होणाऱ्या मधुमेह-रक्तदाबाची मुळं या वयात शोधायला. कोकणातली मुलगी बारीक आहे, ठेंगणी आहे, आणि हीच मुलगी चाळिशीत साखरेच्या गोळ्या घेताना दिसते. या दोन टोकांच्या मधलं आपल्याला अजून पुष्कळ कळायचं आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एकाच तालुक्यात टिकून राहणारा डॉक्टर लागतो, ज्याच्यापाशी मुलीची सातवीतली उंची आणि तिच्या पहिल्या बाळाचं वजन, दोन्ही एकाच वहीत असेल. सरकारी नोकरीत बदली हा यातला खरा अडथळा आहे. त्यावर माझा तोडगा एवढाच की वही, फॉर्म, शाळांच्या याद्या अशा ठेवा की पुढच्या डॉक्टरला पहिल्या आठवड्यात वापरता येतील.

पैशाचं घरी खरं सांगा. रेडिओलॉजीइतके मिळणार नाहीत, जवळपासही नाहीत. पीएसएम करून जिल्हा सेवेत गेलात तर पगार ठीक, मान ठीक, मीटिंगा आणि अहवाल डोक्याला ताप. बालरोग करून कुडाळ, कणकवली, चिपळूणसारख्या गावात बसलात आणि आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त या वयासाठी राखलीत तर दवाखाना चांगला चालेल. आता अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत, म्हणजे शिकवायची वाटही गावाशेजारी आली. माझ्या वेळी त्यासाठी घाट चढावाच लागायचा.

आणि निर्णय आजच घेऊ नका. इंटर्नशिपमधली ग्रामीण पोस्टिंग उरली असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून बाल स्वास्थ्य पथकाच्या गाडीत आठवडाभर बसायची परवानगी मागा. सहसा नाही म्हणत नाहीत, जास्तीचे दोन हात त्यांना हवेच असतात. एका कमी पटाच्या शाळेत, एका मोठ्या हायस्कुलात आणि जमलं तर एका आश्रमशाळेत स्वतः वजन-उंची घ्या आणि नववीच्या वर्गाला डबा खाताना बघा. संध्याकाळी परतताना उद्याची शाळा कोणती हे विचारावंसं वाटलं तर पीएसएम किंवा बालरोग भरा. नाही वाटलं तर रेडिओलॉजीला जा, त्यात कमीपणा काही नाही. गाडी सकाळी आठच्या आत सुटते, डबा आणि पावसाळा असेल तर कपड्यांचा जोड जवळ ठेवा.